सहावा गडी

नणंद: सहाच्या सहा वैद्य? वहिनी, ही व्हिडिओ गेमची टीम आहे का दवाखाना?

वहिनी: असू दे. टिकतात तरी.

नणंद: टिकतात, पण करतात काय? ही मलम लावते, हा फुंकर घालतो, ही जुळी एकमेकांनाच पट्ट्या बांधतात. समोरचा राक्षस अंगावर येतोय आणि आपले सहा जण एकमेकांची विचारपूस करत उभे. कुणी निवडले हे?

वहिनी: मीच. ज्याचं तोंड बरं वाटलं त्याला घेतलं.

नणंद: आयुष्य वॉर्डात काढल्यावर दुसरं काय होणार म्हणा.

वहिनी: हस तू. एकदा तर त्याच्याच शिंगवाल्याला मलम लागलं माझ्याकडून. निवडायचा बाण वरच, त्याच्या बाजूला राहिला आणि मी बटण दाबलं.

नणंद: शत्रूला मलम?

वहिनी: समोर लंगडत होता बाई. हात गेला.

नणंद: धन्य आहेस. मी शिकवते त्या मुलींना सांगते उद्या, व्हॉलीबॉलमध्ये समोरच्या टीमला पाणी नेऊन द्या म्हणून.

वहिनी: मला कुठे मारामारी करायचीय, चिंगे. वैद्य घेतले की लढाई लांबते. परवा अख्खी दुपार चालली होती.

नणंद: आणि शेवटी?

वहिनी: हरले. रोजच हरते.

नणंद: रोज खेळतेस.

वहिनी: तुला आईंनी बोलावलं ना?

नणंद: आई फक्त 'ये' म्हणाली. बाकीचं तुझ्या मेट्रनबाईंनी सांगितलं. रजा कधीच संपलीय म्हणे तुझी. फोन उचलत नाहीस. तुझ्या वॉर्डातल्या पोरी दाराशी येऊन गेल्या, तू दार उघडलं नाहीस.

वहिनी: लढाई चालू होती. मधे सोडता येत नाही.

नणंद: वहिनी, अगं...

वहिनी: तो तिसऱ्या चालीच्या आधी थांबतो. तू पाहिलंयस का कधी?

नणंद: कोण?

वहिनी: दादा तुझा. दोन चाली झटपट खेळतो आणि तिसरीच्या आधी थांबतो. मशीन अडकलं की काय असं वाटतं. अडकलेलं नसतं. तेव्हा तो डाव्या हातानं पाण्याची बाटली चाचपायचा. बाटली असायची उजवीकडे.

नणंद: आणि मग 'कुणी हलवली' म्हणून घर डोक्यावर घ्यायचा.

वहिनी: लहानपणी घेत असेल. माझ्याकडे नुसता बघायचा. आता मी डावीकडेच ठेवते बाटली.

नणंद: ही? मला वाटलं तुझी आहे. भरलेली आहे की.

वहिनी: रोज सकाळी भरते.

आई (आतल्या खोलीतून): चिंगे, कोण जिंकतंय गं?

नणंद: अजून सुरूच नाही केलं, आई. तू पड जरा.

आई: त्याला जिंकू द्या. हरला की जेवत नाही तो.

नणंद: आई, तो नाहीये इथे. किती वेळा सांगू? खेळातल्या मनोऱ्यावर सगळ्यात वरच्या मजल्याला शेवटच्या विजेत्याची सावली बसते. दादा कसा खेळायचा ते मशीननं लक्षात ठेवलंय आणि तसंच्या तसं खेळतंय. नक्कल आहे ती.

आई: तेच विचारते मी. एकटाच बसलाय का तिथे वरती?

नणंद: ...पड गं तू, आई.

वहिनी: रोज विचारतात. एकटाच आहे का, म्हणून. मी विषय बदलते.

नणंद: तूच लावून दिलंयस हे तिच्या डोक्यात. 'तो थांबतो', 'तो बघतो'. ती सावली आहे, वहिनी. तो नव्हे. आणि ती कशी जाते, माहितीय ना तुला?

वहिनी: हरवली की.

नणंद: हरवली की कायमची. तिच्या जागी हरवणाऱ्याची बसते. खरं सांगू? मी त्यासाठीच आलेय. एकदा नीट टीम बांधायची, वर जायचं, सहाच्या सहा लोळवायचे आणि हे मिटवायचं. शिव्या दे मला हव्या तर.

वहिनी: शिव्या कशाला? मलाही टीमच बांधून हवीय तुझ्याकडून.

नणंद: हरवायला?

वहिनी: त्याचा सहावा गडी बघायला.

नणंद: आता हे कुठून आलं?

वहिनी: खाली सहा ठिपके असतात बघ. एकेक गडी पडला की एकेक ठिपका विझतो. त्याचे पाच मी ओळखते, तू लढायचीस तेव्हा पाहिलेत. शिंगवाला, धुरकट, ते दोन पंखवाले आणि पाचवा काचेचा. सहावा ठिपका कधी विझला नाही, कारण सहावा कधी बाहेरच आला नाही. मी विचारलं होतं त्याला. म्हणाला, तो दाखवण्यातला नाही.

नणंद: मलाही कधी दाखवला नाही. इतक्या सुट्ट्या या सतरंजीवर बसून त्याच्या सावलीशी लढले, तो मागे बसून खिदळायचा. माझी मजल काचेवाल्यापर्यंत. त्याला मारलं की ते उलट आपल्यालाच लागतं. मी म्हणायचे, दादा, टीम एका अंगाला झुकलीय तुझी, सगळे मारणारेच आहेत, जरा बॅलन्स्ड कर.

वहिनी: मग?

नणंद: म्हणायचा, तुझी टीम बॅलन्स्ड आहे, चिंगे. माझी पूर्ण आहे. नुसता तोरा. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, आणि म्हणे मनोऱ्यात लिफ्ट नाही म्हणून हा खेळ आवडतो मला.

वहिनी: जिनाच चढत होता, छातीत कळ आली तेव्हा.

नणंद: माहितीय.

वहिनी: मी ड्यूटीवर होते. दुसऱ्यांच्या छातीला वायरी लावत.

नणंद: माहितीय, वहिनी. नको ना आता. दे इकडे मशीन. बांधू टीम.

वहिनी: पण एक अट. पाच पाडायचे. सहाव्याला हात लावायचा नाही.

नणंद: अशी कुठे टीम असते का? पाच जणांना हाणायची आणि सहाव्यापुढे हात बांधून उभी राहायची?

वहिनी: मग तुला नसेल जमत.

नणंद: जमत नाही कसं? सरक. हे बघ, आम्हीही सहाच जणी उतरवतो मैदानात. सगळ्या उंच घेतल्या तर खाली आलेला बॉल कोण उचलणार? सगळ्या चपळ घेतल्या तर समोरचीचा जोर कोण अडवणार? म्हणून पहिला हा, दगडोबा. याचं काम एकच, मार खायचा.

वहिनी: बिचारा.

नणंद: बिचारा काय? त्यासाठीच जन्मलाय तो. दुसरी ठिणगी. अंगात जीव नाही, पण सगळ्यांच्या आधी हात चालतो हिचा. एक फटका मारायचा आणि मागे यायचं.

वहिनी: आमच्याकडे इमर्जन्सीला एक पोरगी आहे अशी.

नणंद: बघ, कळतंय की तुला. तिसरा शेवाळ्या, समोरच्याचा पाय घसरवतो. चौथा हा हातोड्या, पंखवाल्यांसाठी. आणि काचेवाल्यासाठी... थांब हं. काचेवाल्याला मारलेला फटका परत येतो. म्हणजे फटकाच मारायचा नाही.

वहिनी: जळू घे.

नणंद: काय?

वहिनी: ती खालच्या रांगेतली. ती मारत नाही. चिकटते आणि हळूहळू शोषते. काचेला कळणारच नाही.

नणंद: अगं बाई! इतकी वर्षं मला हे सुचलं नाही.

वहिनी: पण जळूला जगवायला हवं तोवर. सहावी मलमवाली घे.

नणंद: नको. सहावा अजून एक दणकट घेऊ. शेवटी अंगात दम असलेला कुणीतरी हवा.

वहिनी: शेवटी मलमवालीच हवी, चिंगे. तिला मारताच येत नाही. सहाव्यासमोर तीच असली पाहिजे.

नणंद: बरं बाई, घे. खेळू कोण?

वहिनी: तू खेळ. माझी बोटं पुरत नाहीत एवढ्या घाईला.

नणंद: हे डावं बटण केवढं झिजलंय. बोट बरोबर खळग्यात बसतं.

वहिनी: त्याच्या अंगठ्याचा खळगा आहे तो.

नणंद: चल. गेलो वरती. आला बघ शिंगवाला. दगडोबा, उभा राहा नीट.

वहिनी: पहिली चाल. दुसरी. आता बघ.

नणंद: थांबला.

वहिनी: थांबला ना?

नणंद: खरंच थांबतो गं. मी मघापासून बाटलीकडेच बघतेय, मूर्खासारखी.

वहिनी: खेळ तू. मिळाली त्याला.

नणंद: असं बोलू नकोस. शिंगवाला पडला. धुरकट आला. शेवाळ्या, घसरव... घसरला. ठिणगी, मार आणि ये मागे. शाब्बास. अरे, दादा चिडला. बघ, आता कवच घालणार.

वहिनी: भांडणातही असंच करायचा. दोन शब्द बोलून झाले की कवच. मग दोन-दोन दिवस तसाच.

नणंद: लहानपणापासून घुम्या. पडला धुरकट. आता पंखवाले. दगडोबा, सांभाळ... गेला दगडोबा.

वहिनी: बिचारा.

नणंद: त्याचं काम केलं त्यानं. हातोड्या, एक. आणि हा दुसरा. दोन्ही पंखवाले खाली. पण हातोड्याही गेला. शेवाळ्या कधी गेला? मी पाहिलंच नाही.

आई: कोण जिंकतंय?

नणंद: बरोबरीत आहे, आई.

आई: फार दमवू नका त्याला.

नणंद: काचेवाला आला. जळू, जा बाई, चिकट. मलमवाली, जळूकडे लक्ष दे. काही करू नकोस, नुसती चिकटून राहा. वहिनी, उतरतंय बघ काचेचं. हळूहळू उतरतंय. इतकी वर्षं मी या काचेवर डोकं आपटत होते आणि तू एका जळूवर...

वहिनी: जळू संपत आलीय.

नणंद: काचेवालाही संपत आलाय. टिक गं, जरा टिक. गेली जळू. ठिणगी, बस, एकच... गेला! वहिनी, काचेवाला गेला. मी दादाला पाचव्याच्या पलीकडे नेलं.

वहिनी: विझला पाचवा ठिपका.

नणंद: आपल्याकडे ठिणगी आणि मलमवाली. त्याच्याकडे एकच. येतोय बघ. काय असेल? मला वाटतं डोंगराएवढा... अरे. हे काय आहे?

वहिनी: दिसत नाहीये मला नीट. उजेड पडतोय. पडदा ओढ जरा.

नणंद: हे तर पिल्लू आहे. अंड्यातून आत्ता बाहेर आल्यासारखं. वाढीची पहिलीच पायरी. ताकद नाही, काही नाही. नुसतं उभं आहे, तेही डुलत. हा काय राक्षस म्हणायचा? याला घेऊन चढला तो मनोरा? म्हणजे सगळ्या मजल्यांवर पाच जणांनिशीच लढला. आणि मी जन्मभर त्या पाचांकडून हरले. नाव दिलंय वाटतं. थांब. भिंगरी.

(वहिनी मशीनकडे पाठ फिरवते.)

नणंद: वहिनी? काय झालं? पाणी देऊ?

वहिनी: ते नको. ते त्याचं आहे.

नणंद: मग काय झालं ते सांग तरी.

वहिनी: परत वाच.

नणंद: भिंगरी.

वहिनी: तेव्हा आम्ही दुसऱ्या गावी होतो, त्याच्या कामासाठी. पाचवा महिना होता. घरी सांगणारच होतो, सुट्टीला आलो की समोरासमोर. पोटात एवढी फिरायची ती. एका जागी थारा म्हणून नाही. हा हात ठेवायचा आणि म्हणायचा, ही पोरगी नाही, भिंगरी आहे.

नणंद: वहिनी. तू कधीच बोलली नाहीस.

वहिनी: फिरायची थांबली मग. सांगायला काही राहिलंच नाही. जिथे मला ठेवलं होतं त्याच वॉर्डात मी परत कामाला लागले. घरी आले की हा या खेळात तोंड घालून बसलेला. एक शब्द नाही तिच्याबद्दल. नाव नाही. रडला नाही, विचारलं नाही. मी म्हटलं, याला काही वाटतच नाही. मग मीही बोलायची बंद झाले. आम्ही तशीच वर्षं काढली, चिंगे. मला वाटायचं, तिला मी एकटीच ओळखते.

नणंद: आणि हा तिला घेऊन फिरत होता.

वहिनी: प्रत्येक मजल्यावर.

नणंद: माझी टीम पूर्ण आहे, म्हणायचा.

वहिनी: हं.

नणंद: वहिनी, ठिणगी पुढे उभी आहे. एक टिचकी लागली तर संपेल ही. सावली जाईल, तू मोकळी होशील. मी घरून निघताना ठरवलं होतं, तू काहीही म्हण, सहाव्यालाही मारायचं. तुला न विचारता. अंगठा ठेवलाय मी त्या खळग्यात.

वहिनी: मग मार.

नणंद: नाही होत गं. घे. तू घे हे.

वहिनी: कसं बदलायचं?

नणंद: खालचं बटण. ठिणगीला मागे घे, मलमवालीला पुढे कर. हां. आता तिची चाल. म्हणजे दादाची.

वहिनी: थांबलाय.

नणंद: बाटली शोधत असेल.

वहिनी: नाही. ते थांबणं थोडं असतं. हे वेगळं आहे. किती वेळ थांबलाय बघ.

नणंद: हलली. काय केलं हे? गिरकी घेतली. आपल्याला काहीच लागलं नाही. तिला एवढंच येतं. पुन्हा थांबला. पुन्हा गिरकी.

वहिनी: फिरवतोय तिला.

नणंद: पण वहिनी, हे कसं शक्य आहे? मशीनला फक्त दादानं केलेलं माहीत असतं. मनोऱ्यात त्यानं हिला कधी बाहेर काढलंच नाही. मग इतका वेळ थांबायचं आणि फिरवायचं, हे शिकवलं कुणी?

वहिनी: दुसरं कुठे काढता येतं?

नणंद: सरावाचं अंगण असतं एक. तिथे लढाई नसते, जिंकणं नसतं. कुणी फिरकत नाही तिकडे. नुसतं आपल्या गड्याला घेऊन बसायचं. मशीनला सवय लागेल इतकं, म्हणजे... खूप वेळा बसला असेल तो, वहिनी.

वहिनी: मी ड्यूटीवर असायचे तेव्हा.

नणंद: बघ, पुन्हा थांबला.

वहिनी: बघतोय तिच्याकडे. बघत बसायचा, एवढंच. आणि मी दार उघडून आत आले की मशीन बंद करायचा. मला वाटायचं, माझं तोंडही नकोय याला.

नणंद: रड तू. मी आहे.

वहिनी: मलम लावू का तिला? बाण वर नेला की लागतं.

नणंद: लाव. चुकून लावायचीस, आज मुद्दाम लाव.

वहिनी: लागलं. अंगावर उजेड आला बघ तिच्या.

नणंद: गिरकी घेतली. ही जरा मोठी घेतली.

वहिनी: हो.

नणंद: आता काय करायचं, वहिनी? असं रोज बसणार नाहीस ना? खरं सांग. तू लावायचं, तिनं फिरायचं. हे कधीच संपणार नाही.

वहिनी: माघार घेतली तर कोण राहतं?

नणंद: ते दोघं राहतात, तसेच वरती. आपण हरतो.

वहिनी: हे बटण?

नणंद: ते. मशीन विचारेल, नक्की का म्हणून.

वहिनी: नक्की. झालं. मेट्रनबाईंना फोन लाव, सकाळची ड्यूटी घेते म्हणावं. आणि ती बाटली इकडे दे, तहान लागलीय मला.

आई: कोण जिंकलं गं?

वहिनी: तुमचा मुलगा, आई.

आई: वाटलंच मला. एकटाच आहे का अजून तिथे?

वहिनी: नाही, आई. एकटा नाहीये.

आई: ऐकलं मी. दार काय एवढं जाड नाही. चिंगे, तो पडदा नीट ओढ. ऊन येत असेल. झोपू दे दोघांना.